दहा मोजेपर्यंत

शनिवार पेठ, पुणे
२८ नोव्हेंबर २००४

प्रिय रतन,

ज्यांच्या पेटीला कधी कुलूप नव्हतं अशा आपल्यासारख्यांची एक तक्रार आहे, आणि ती तुझी-माझी दोघांची आहे असं धरून मी लिहायला बसलोय. आपल्याबद्दल काही ठरवायचं असलं की आपल्याला कुणी विचारत नाही. आपण काय शिकलो, कशासाठी ताठ उभे राहिलो, हे आता एक समिती ठरवते, दगडावर कोरते आणि आपल्याला फक्त निमंत्रणपत्रिका पाठवते. तुला तर तीही आली नसणार. तीस वर्षांनी हे अक्षर ओळखू आलं नसेल तर शेवटची सही आधी बघ. बघून पत्र फाडावंसं वाटलं तर फाड. पण मला थोडक्यात आवरता येत नाही हे तुला माहीत आहे, तेव्हा बरंच जाडजूड फाडावं लागेल.

आपल्या रणसिंग अकादमीची टेकडी तू रोज बघतोस, असं मला कळलंय. धायरीत तुझा फ्लॅट आहे आणि वारा टेकडीकडचा असला की संध्याकाळच्या हजेरीचं बिगुल तुझ्या गच्चीवर ऐकू येतं म्हणे. एवढं पुणं पसरलं, वाघोलीपासून वाकडपर्यंत कुठेही घर मिळालं असतं, आणि हा माणूस नेमका बिगुलाच्या टप्प्यात घर का घेतो, याचा मी महिनाभर विचार करतोय. संशय घेणं हा माझा धंदा आहे. कॉलेजात इतिहास शिकवतो, व्याख्यानमालांमधून ओरडतो, आणि कुणी चांगलं काम करायला निघालं की आधी त्याच्या पाठीमागे कोण उभं आहे ते बघतो. म्हणून ही समिती स्थापन झाली तेव्हाही मी तेच केलं.

समितीचं नाव 'परंपरा जतन समिती'. प्रमुख शुभंकर, अठ्ठ्याऐंशीच्या तुकडीचा. बाणेरला त्याची सॉफ्टवेअरची कंपनी आहे, चारशे माणसं कामाला, गळ्यात सगळ्यांच्या पट्टे. हा मनुष्य दर रविवारी टेकडीवर येतो, मुलांबरोबर पळतो, मेसमध्ये त्यांच्याबरोबर जेवतो आणि जेवल्यावर स्वतःचं ताट स्वतः घासतो. मला हे फारच संशयास्पद वाटलं. हिंजवडीला भाताच्या खाचरांवर काचेचे मनोरे उभे राहिले, टेकडीच्या पायथ्याशी गुंठ्याला काय भाव आहे हे पानवालासुद्धा सांगतो, आणि या गृहस्थाला अचानक आपल्या परंपरेचा उमाळा येतो? मी माजी विद्यार्थ्यांच्या याहूवरच्या ग्रुपवर सरळ विचारलं की परंपरा जतन करायची आहे की सात-बारा. बरीच खळबळ झाली. मग दोन महिने खपून मी कागद शोधले. त्यातून निघालं ते असं, की टेकडीची जमीन मागायला एक बिल्डर दोनदा आला होता आणि दोन्ही वेळा त्याला दारातून परत पाठवणारा शुभंकरच होता. मी ग्रुपवर माफी मागितली. चार ओळींची. माझ्या मानाने ती फारच छोटी होती.

तरी त्यांचं जतन कसं चाललंय ते ऐक. मुलांच्या बराकीत आता नंबरचं कुलूप असलेली लोखंडी कपाटं आहेत आणि दारावर कॅमेरा आहे. मग बिनकुलपाची पेटी नव्या मुलांना कळावी म्हणून आपल्या वेळची एक हिरवी पेटी शोधून काढली, पुसली, आणि प्रवेशद्वारापाशी काचेच्या कपाटात ठेवली. त्या कपाटाला कुलूप आहे. मी हे शुभंकरला दाखवलं तेव्हा तो हसला नाही, खरंच विचारात पडला. आणि तिथेच मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस प्रामाणिक असावा. रतन, लबाड माणसाशी मी आयुष्यभर भांडू शकतो. प्रामाणिक माणसाची मला भीती वाटते.

दुसरं जतन म्हणजे दहाची मोजणी. तुला आठवण करून द्यायची गरज नाही, पण मला ते एकदा लिहून काढायचंय. संध्याकाळी बिगुल झालं की आपण तुकडीवार उभे राहायचो. हवालदारसाहेब विचारायचे, कुणाला काही सांगायचंय? आणि एकपासून दहापर्यंत मोजायचे. ज्याच्या हातून काही चूक झाली असेल त्याने दहाच्या आत एक पाऊल पुढे यायचं. दुसऱ्याचं नाव कुणी सांगायचं नाही. आणि पुढे आलेल्याला कुणी प्रश्न विचारायचा नाही, कारण स्वतःविरुद्ध कुणी खोटं बोलत नाही, अशी आपल्या कमांडंटसाहेबांची पक्की श्रद्धा. वस्तू गेली तर जाऊ दे, माणूस खरा राहिला पाहिजे, असं ते म्हणायचे. किती भव्य वाटायचं तेव्हा. मी पुढे जगभराच्या क्रांत्यांची पुस्तकं वाचली, कायद्याची वाचली, पण त्या नियमातलं भोक मला एकाही पुस्तकाने दाखवलं नाही. प्रश्न विचारायचा नाही, म्हणजे उत्तरही ऐकायचं नाही.

ऑक्टोबर चौऱ्याहत्तर. दिवाळीच्या सुट्टीला आठ दिवस होते. सिंहगडाच्या पायथ्याला नकाशावाचनाचा सराव करून आपण परत आलो आणि सामान मोजताना पितळी होकायंत्र कमी भरलं. दोन संध्याकाळी मोजणी झाली, कुणी पुढे आलं नाही. तिसऱ्या संध्याकाळी नाही आलं तर आख्ख्या तुकडीची सुट्टी बंद. त्या दुपारी बराकीत मी भाषण केलं. तुकडीनायक मी, बोलायची हौस माझी, बावीस पेट्या आणि बावीस मुलं समोर. ज्याने कुणी घेतलं असेल त्याने आपल्या भावांचा विचार करावा, घरी आया वाट बघताहेत, असं बरंच काही बोललो. छान झालं होतं भाषण. दोघंतिघं रडलेही. बोलताना मी सगळ्यांकडे बघतोय असं मला वाटत होतं. आता इतकी वर्षं व्यासपीठावर काढल्यावर मला माहीत आहे की बोलणारा सगळ्यांकडे बघत नसतो. त्याला एक चेहरा लागतो, आणि तो त्यावरच बोलत राहतो. बाकीचे मग तो जिकडे बघतो तिकडे बघतात.

तो चेहरा तुझा का होता? हे मी स्वतःला फार उशिरा विचारलं. तुझी आई, कांताबाई, मार्केट यार्डात कांदा निवडायची. तुझी फी माफ होती. छप्पन साली तुमच्या घरातले देव उतरले आणि बुद्धाची तसबीर लागली, हे तू पहिल्याच महिन्यात सरळ सांगितलं होतंस, आणि ऐकणाऱ्यांनी मान डोलावून विषय बदलला होता. तुझ्याविरुद्ध एवढाच पुरावा होता. कुणाच्या तोंडून एक शब्दही गेला नाही. आपली अकादमी तशी सभ्य होती. त्या संध्याकाळी हवालदारांनी चार म्हटलं आणि तू पुढे आलास.

होकायंत्र कुठे ठेवलंस, एवढं जरी कुणी विचारलं असतं तरी तुला सांगता आलं नसतं आणि तिथेच सगळं उघडं पडलं असतं. पण विचारायचं नव्हतं. चोरी म्हणजे नाव कमी होणार, पण आपणहून पुढे आला म्हणून सलामी देऊन निरोप. तुला आठवत असेल, त्या सलामीचा हुकूम मी दिला होता. आवाज खणखणीत लागला होता. कांताबाई न्यायला आल्या होत्या. त्यांनी पेटी डोक्यावर घेतली, तुझा हात धरला, आणि एकवीस मुलं ताठ उभी राहून सलामी देत असताना त्यांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. चार दिवसांनी आम्ही सगळे दिवाळीला घरी गेलो.

आणि मग मी तुझी गोष्ट केली. पंचवीस वर्षं सांगतोय. नाव न घेता, अर्थात. गणेशोत्सवात, पोलिसांच्या शिबिरात, बँकेच्या कर्मचाऱ्यांपुढे. देशात पैसा आला आणि लाज गेली, यावर बोलताना शेवटी मी तीच सांगायचो. एक सोळा वर्षांचा मुलगा, हातून चोरी झालेली, समोर शिक्षा ठरलेली, आणि हवालदाराने चार म्हणताच तो पाऊल पुढे टाकतो. चोरसुद्धा खरा निपजावा अशी ती शाळा होती! टाळ्या कुठे पडणार हे मला अक्षरशः माहीत असायचं. मागच्या महिन्यात इथे शनिवार पेठेतल्याच सभागृहात बोललो. कार्यक्रम संपल्यावर एक मुलगी थांबून राहिली. तेवीस-चोवीसची, गळ्यात कंपनीचा पट्टा, पाठीवर ती लॅपटॉपची बॅग. मला वाटलं सही हवी असेल. तिने विचारलं, त्या मुलाचं नाव काय हो सर? मी म्हटलं, नावाला महत्त्व नाही, वृत्तीला आहे. ती म्हणाली, "नाव रतन ओव्हाळ. मी आम्रपाली, त्यांची मुलगी."

मी खुर्ची ओढून दिली, ती बसली नाही. तिने सांगितलं की तू भोसरीला पंचवीस वर्षं फिटर होतास आणि कंपनीने दोन हजार एकमध्ये व्हीआरएसचा कागद पुढे केला. तुमच्या घरात एकाही कपाटाला कुलूप नाही, लहानपणी तिला तिच्या डायरीलाही कुलूप लावू दिलं नाहीस, असंही म्हणाली. मी विचारलं, बाबांनी तुला हे सगळं कधी सांगितलं? तर म्हणे, कॉलेजात असताना मी तुमची ही गोष्ट कॅसेटवर ऐकली, घरी येऊन त्यांना कौतुकाने सांगितली, तेव्हा. मग ती जे बोलली ते मी जसंच्या तसं लिहितो, कारण ते शब्द तुझे आहेत. "बाबा म्हणाले, सगळे माझ्याकडेच बघत होते. मग म्हटलं, दहापर्यंत कशाला थांबायचं." एवढं बोलून तिने मला नमस्कार केला, अगदी व्यवस्थित, आणि बस चुकेल म्हणून निघून गेली.

मी काय केलं सांगू? मी तिच्यावर संशय घेतला. हिला कुणी पाठवलं असेल, समितीतल्या कुणाला मला खाली खेचायचं असेल, असा विचार करत मी घरी आलो. नम्रताला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं की अकादमीत जाऊन जुनी कसूरवही तपासायला हवी. हे लोक परंपरेच्या नावाखाली जुन्या नोंदी बदलत असतील. तिने एवढंच विचारलं की बदललेल्या बघायला चाललात की बदलायला. पुणेरी बायको आहे, आवाज न चढवता बोलते.

कसूरवही अजून आहे. ऑफिसातल्या लोखंडी कपाटात, चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरची, लाल कापडी पाठीची. संभाजी नावाचा क्लार्क ती सांभाळतो. डोणज्याचा आहे, आपल्या वेळच्या आचाऱ्याचा मुलगा. त्याने वही टेबलावर ठेवली आणि दारात जाऊन पाठमोरा उभा राहिला. मला पान शोधावं लागलं नाही. एकशे बारा. वर ऑक्टोबरची नोंद, तुझं नाव, 'स्वतः पुढे आला'. आणि त्याच्याखाली वेगळ्या शाईत मे पंच्याहत्तरची: पावसाळ्याआधी नकाशाच्या पिशव्या शिवायला काढल्या असता होकायंत्र एका पिशवीच्या फाटक्या अस्तरात सापडले. पिशवी शेवटी वापरणारा, तुकडीनायक टेंभेकर. प्रकरण बंद. खाली एक सही.

होय. सही माझी आहे. होकायंत्र मीच पिशवीत टाकलं होतं, सरावाच्या घाईत, आणि विसरलो होतो. कुणी चोरलंच नव्हतं. मे महिन्यात कमांडंटसाहेबांनी मला बोलावून ती नोंद दाखवली, म्हणाले मुलाने स्वतः कबूल केलंय, आता ते उलटं केलं तर मोजणीवर कुणाचा विश्वास राहील. आणि पेन दिलं. मला आठ दिवसांनी शाळा सोडायची होती. सही केली. त्यांच्यावर ढकलत नाही; पेन मीच हातात घेतलं होतं. पुढे ते विसरलो असं म्हणणार होतो. पण विसरलेल्या माणसाला तीस वर्षांनी पानाचा नंबर आठवत नाही.

आणि त्या दिवशी मी नोंद तपासायला गेलोच नव्हतो. ते पान फाडायला गेलो होतो. दोन बोटांत धरलंही होतं. तेवढ्यात संभाजी दारातूनच, मागे न बघता बोलला, "सर, त्या पानाची झेरॉक्स हाय माझ्याकडं. दोन काढल्यात." मी विचारलं, का? तर म्हणाला, वडलांनी सांगून ठेवलंय, हे पान कोण ना कोण बघायला येईल. म्हणजे आचाऱ्याला ठाऊक होतं, आचाऱ्याच्या पोराला ठाऊक आहे. जन्मभर मी सगळ्या जगावर संशय घेत हिंडलो, आणि माझ्यावर एक माणूस गेली कित्येक वर्षं मुकाट्याने संशय घेऊन कपाटापाशी बसला होता.

तिथून मी शुभंकरकडे गेलो. समितीने टेकडीवर सात ओळींचा एक शिलालेख बसवलाय, त्याचं अनावरण आहे, आणि त्या दिवशी वाटायच्या पुस्तिकेत पहिल्या पानावर माझी ती गोष्ट आहे. 'पंच्याहत्तरच्या तुकडीतला एक विद्यार्थी' असं लिहिलंय. तुझं नाव नाही, पण आपल्या तुकडीतून मध्येच गेलेला मुलगा एकच. मी संभाजीकडची झेरॉक्स त्याच्यापुढे ठेवली. त्याने दोनदा वाचली. म्हणाला, "सर, मी नववीत असताना तुम्ही ही गोष्ट सांगायला आला होतात. त्या दिवसापासून मी खोटं बोललेलो नाही. बायकोशी नाही, क्लायंटशी नाही." मग त्याने विचारलं, हे तुम्हाला कधी कळलं? सही तळाशी होती, माझ्या सहीची लपेट कुणाला वाचता येत नाही हे मला माहीत होतं. मी म्हटलं, आत्ताच. त्याने विश्वास ठेवला. ज्याला मी खरं बोलायला शिकवलं, त्याच्या तोंडावर मी खोटं बोललो, आणि तो माणूस मला पाणी आणायला उठला.

पुस्तिका त्याने थांबवली आहे. पण तो म्हणतो, पुढे आलेल्या माणसाची नोंद दुसऱ्या कुणी बदलायची नाही, हाच आपला नियम आहे. ती त्यानेच बदलायला हवी. या वेळी तरी तुला विचारायला हवं, असं त्याचं म्हणणं. म्हणून हे पत्र. खरं तर तुझ्या दारात यायला हवं होतं. धायरीपर्यंत दोनदा आलोही, रिक्षा सोडली, आणि तुमच्या सोसायटीच्या फाटकाशी उभा राहून मनात जे जुळवत होतो ते भाषण आहे हे लक्षात आल्यावर परत फिरलो. या पत्रातही भाषण शिरलं असेल. तेवढं वगळून वाच. माफ कर असं मी कुठेही लिहिलेलं नाही, नीट बघ. ते मागायची पाळी तुझ्यापुढे उभा राहिल्यावरची आहे.

रविवार, १२ डिसेंबर, संध्याकाळी साडेचार. अनावरणाआधी जुने विद्यार्थी तुकडीवार उभे राहणार आहेत आणि गंमत म्हणून दहापर्यंत मोजणार आहेत. प्रमुख वक्ता मी आहे. मी मंचावर बसणार नाही, आपल्या रांगेत उभा राहीन, आणि एक म्हणताच पुढे येईन. पान एकशे बारा, होकायंत्र, पिशवी, सही, आणि शुभंकरला म्हटलेलं 'आत्ताच', सगळं त्या मैदानावर सांगेन. पण रतन, तीस वर्षं तू रांगेच्या एक पाऊल पुढे उभा आहेस आणि तिथून तुला मागे घ्यायचा हुकूम मी देऊ शकत नाही. माझ्या उजव्या हाताची जागा रिकामी ठेवायला संभाजीला सांगितलंय. त्या दिवशी ये. जिथे तुला सोडलं होतं तिथे, रांगेच्या पुढे, उभा राहा. आणि माझं बोलून झालं की सगळ्यांदेखत एक पाऊल मागे घे.

'तुझाच' म्हणायचा हक्क मिळेपर्यंत,
रांगेतला तुझ्या डाव्या हाताचा,
श्यामसुंदर टेंभेकर